इस्त्रीवालीचा उजवा खांदा

मी एक जुना खांदा आहे. उजवा. मित्रांनो, मोडक्या छत्रीची, फाटक्या पुस्तकाची, बंद पडलेल्या घड्याळाची गाऱ्हाणी तुम्ही ऐकली असतील आणि त्यांच्यासाठी हळहळलाही असाल. माझ्यासाठी हळहळू नका. मी गाऱ्हाणे घेऊन आलेलो नाही, भांडायला आलो आहे. कुणाशी, ते पुढे कळेल. त्यात तुमचाही नंबर लागू शकतो, तेव्हा जरा सावरून बसा.

आधी माझी ओळख. माझी बांधणी अगदी साधी. पाठीच्या पात्याला एक उथळ बशी आहे आणि दंडाच्या हाडाचा गोल गोळा त्या बशीला टेकून राहतो. झाला खांदा. खाली कमरेपाशी माझा चुलतभाऊ खुबा राहतो. त्याचा गोळा खोल वाटीत बसलेला, म्हणून तो कायम निवांत. तो मला उथळ म्हणून हिणवतो. हिणवू दे. उथळ आहे म्हणून तर हात वर जातो, मागे जातो, गरगर फिरतो, वरच्या फळीवरचा डबा काढतो आणि पाठीला खाज सुटली तर तिथेही पोहोचतो. खुब्याने एकदा पाठ खाजवून दाखवावी.

पण ही मोकळीक फुकटची नाही. गोळा बशीवरून घसरू नये म्हणून स्नायूंनी आणि त्यांच्या दोऱ्यांनी मला चहूबाजूंनी धरून ठेवलेले असते. ते जागे आहेत तोवर मी खांदा. ते झोपले, की मी नुसती हात अडकवायची खुंटी. हे लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण इथूनच घडले.

मी ज्या बाईच्या अंगावर आहे तिला सगळे मावशी म्हणतात. एकाच अंगात राहून नावाने हाक मारायला मला संकोच वाटतो, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतो. लहानपणी तिने माझ्याकडून पुष्कळ दगड फेकून घेतले आणि झाडावरची बरीच फळे पाडली. लग्न होऊन ती आली ती थेट लाँड्रीत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार. तेही वाफेने फुगलेले आणि कधी नीट न लागणारे. तिचा नवरा म्हणजे काका. ते कपडे धुवायचे. मावशी इस्त्री करायची.

त्या काळची इस्त्री कोळशाची. तुमच्या आताच्या इस्त्र्या म्हणजे तिच्यापुढे चमचे. निखाऱ्यांनी भरलेली ती लोखंडी बया हातात धरायची, हे हाताचे काम. तिला ढकलायचे, ओढायचे, वळवायचे, हे काम माझे. सदऱ्याची कॉलर आधी, मग खांद्याची पट्टी, मग बाह्या, पाठ सर्वांत शेवटी. चुणी दिसली की पाण्याचा शिपका मारायचा, डाव्या हाताने कापड ताणायचे आणि वरून मी उतरायचो. चुणी जागच्या जागी नाहीशी. ओल्या सुताचा तो गरम वास अजून आठवला की मला बरे वाटते.

गिऱ्हाइके म्हणायची, मावशींच्या हाताला वळण आहे. हाताचे कौतुक सगळ्यांनी केले. खांद्याचे नाव कुणी घेतले नाही. चालायचेच. खांबाची आठवण छप्पर कोसळल्यावरच होते. मी मात्र झिजत होतो. गोळ्याच्या वर माझे हाडाचे एक छप्पर आहे; त्याच्याखालून जाणारी स्नायूची एक दोरी घासून घासून विरली होती. मावशीला कधी कधी केस विंचरताना कळ यायची, आणि ती म्हणायची, वयच झाले.

आमच्या दुकानात दोन गोष्टी होत्या, त्या सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिली, छताची काठी. मागच्या खोलीत छताला कप्पी होती आणि कप्पीवरच्या दोरीला एक लांब काठी टांगलेली. काठी खाली घ्यायची, तिच्यावर ओल्या चादरी टाकायच्या आणि दोरी ओढली की चादरी सरसर छतापाशी. काकांना त्या काठीचा फार अभिमान.

दुसरी, लोकरीचा कायदा. ओली लोकर टांगायची नाही. सुती कपडा लोंबला तर सुकतो, लोकर लोंबली तर वाढते. पाण्याचे ओझे तिचे तिलाच पेलत नाही. तिला खालून दोन्ही तळहातांचा आधार देऊन उचलायचे, आडवे पसरायचे आणि ओढायचे मुळीच नाही. काकांनी तरुणपणी एकदा हा कायदा मोडला. एका मास्तरांचा स्वेटर खांद्यांना चिमटे लावून काठीवर चढवला. सुकून खाली आला तेव्हा तो मास्तरांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचला होता. मास्तरांची बायको तो घेऊन परत आली आणि शांतपणे म्हणाली की, आता यांना पायजम्याची गरज उरली नाही. तेव्हापासून दुकानात कुणी कसलीही नाजूक वस्तू आडदांडपणे उचलली, की मावशी एकच शब्द म्हणायची. लोकर. मग ती काचेची बरणी असो नाहीतर शेजारणीचे तान्हे बाळ असो.

एके दिवशी सकाळी मावशी चादर इस्त्री करत होती. अर्धी झाली होती. मला नेहमीप्रमाणे वरून, डोक्याकडून, निरोप यायचा होता की आता उचल. निरोप आला नाही. मी वाट पाहिली. इस्त्री चादरीवर तशीच टेकून राहिली, चादर करपल्याचा वास सुटला, आणि मावशी टेबलाच्या कडेने हळूहळू खाली बसली. पक्षाघात झाला होता. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्ताची वाट बंद पडली, आणि उजवी बाजू सगळी गप्प झाली. हात गेला, पाय अर्धा गेला, बोलणे गेले. बोलण्यातला एकच शब्द जिभेवर राहिला. कॉलर. का, ते विचारू नका. पळता पळता घरातून हाताला लागेल ती वस्तू माणूस घेऊन निघतो, तसा तो शब्द तिने उचलला असावा. चहा हवा, कॉलर. पंखा बंद करा, कॉलर. डॉक्टर आले, तर त्यांनाही कॉलर. डॉक्टरांनी आपली कॉलर नीट केली.

इस्पितळातून घरी आलो आणि माझे खरे दिवस सुरू झाले. मला धरून ठेवणारे स्नायू गाढ झोपले होते. हाताचे वजन किती असते, हे तुम्हांला माहीत नाही, कारण तुमचे खांदे ते गुपचूप पेलतात. मला आता ते पेलेना. मावशी खुर्चीत बसली की हात बाजूला लोंबायचा आणि गोळा बशीवरून इंचाइंचाने खाली उतरायचा. माझ्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच पडली. बोटे सुजून केळ्यांसारखी झाली.

आणि मग घरच्यांनी प्रेम करायला सुरुवात केली.

काका अंगाने दणकट. मावशीला खुर्चीतून उठवायचे म्हणजे ते दोन्ही काखांत हात घालून एका झटक्यात उचलायचे. डावा खांदा, माझा धाकटा भाऊ, जागा होता, त्याने ते सोसले. मला कोण सांभाळणार? सगळे अंग माझ्यावर लटकायचे. पलंगावर कुशीवर वळवायचे तर उजवा हात धरून ओढ. मावशीची लेक तिला रोज सकाळी झगा घालायची. आधी धडका हात सहज बाहीत जाई, मग उरलेल्या तुटपुंज्या जागेत मला मागे पिरगाळून कोंबले जाई. झोपताना मी अंगाखाली चिरडलो आहे की नाही, हे पाहायचे कुणाला सुचले नाही. मी ओरडायचो. मावशीच्या तोंडून माझी किंकाळी निघायची ती मात्र एकाच रूपात. कॉलर. आणि लेक धावत जाऊन चहा टाकायची.

काकांची थोरली बहीण, आत्याबाई, मदतीला येऊन राहिली होती. तिने चार दिवस पाहिले आणि निकाल दिला की बोलता येत नाही म्हणून हिचे नखरे वाढले आहेत. हात हलत नाही तर दुखेल कसा? मेलेल्या दाताला कळ येते का? घरात सगळ्यांना ते पटले. ज्या हाताला हलता येत नाही त्याला दुखताही येत नसणार, असा त्यांचा हिशेब. मित्रांनो, हे माझे पहिले भांडण. मी हलत नव्हतो, पण मेलो नव्हतो.

काही आठवड्यांनी स्नायू जागे होऊ लागले. पण आधी उठले ते आडदांड गडी, हाताला आत ओढणारे. त्यांनी दंड छातीशी आवळून धरला, कोपर वाकवले, मूठ मिटली. हात अंगाशी चुरगळून बसला. ते पाहून काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सगळे दाखवले होते आणि काकांनी मानही डोलावली होती. पण माणूस ऐकतो ते आपल्या धंद्याच्या कानाने. काका लेकीला म्हणाले,

"हातावर चुणी पडली आहे, दुसरं काही नाही. आणि चुणी कशी काढायची, ते मला कुणी शिकवायला नको."

झाले. गरम पाण्याचा शिपका, गरम फडक्याचा शेक, आणि मग एक टोक धरून ताण. काका मनापासून ताणायचे. घामाघूम व्हायचे. दुसऱ्या दिवशी हात आणखी आत गेलेला असायचा, कारण भ्यालेला स्नायू ओढला की आणखी आवळतो. काका म्हणायचे, कापड जाड आहे, जोर वाढवला पाहिजे.

मग त्यांना छताची काठी आठवली.

त्यांनी मावशीला खाली खुर्चीत बसवले, मनगटाला मऊ टॉवेल गुंडाळला आणि दोरीचे टोक त्याला बांधले. टॉवेल मऊ असावा म्हणून त्यांनी दोन बदलून पाहिले, हेही सांगितले पाहिजे. माणूस वाईट नव्हता. मग, चला, असे म्हणून त्यांनी दोरी ओढली.

आता ऐका, आत काय झाले. तुम्ही हात वर करता तेव्हा एकटा हात वर जात नाही. पाठीचे पाते त्याच्याबरोबर फिरते, गोळा बशीत जरासा खाली सरकतो, बाहेर वळतो, आणि माझ्या छपराखाली वाट मोकळी होते. त्या दिवशी पाते जागचे हलले नाही. गोळ्याला सरकायचे कसे, ते आठवेना. दोरीने हात मात्र वर खेचला. गोळा छपरावर आदळला आणि मधली ती विरलेली दोरी, दारात बोट सापडावे तशी सापडली. मी असा ओरडलो, की मावशीने डाव्या हाताने टेबलावरची पाण्याची फवारणीची बाटली उचलली आणि काकांच्या कपाळावर नेम धरून मारली. इतक्या वर्षांत तिने डाव्या हाताने काही फेकले नव्हते. नेम चुकला नाही.

काका कपाळ धरून खाली बसले. दोरी सुटली, हात धाडकन मांडीवर पडला, तेव्हा मी दुसऱ्यांदा ओरडलो.

त्यानंतर मावशीने कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. जवळ आले की डावा हात उगारायची. जेवण कमी झाले, झोप गेली. आत्याबाई म्हणाली, आजाराने डोक्यावर परिणाम झाला. काका कपाळावरचे टेंगूळ चोळत राहिले. शेवटी आत्याबाईनेच ठरवून टाकले.

"गेला तो हात. त्याच्या नादी लागू नका. गळ्यात झोळी बांधा आणि विषय संपवा. आणि ते टेबल काढून तिथे कॉट टाका. आता ते काय कामाचं?"

झोळी बांधली गेली. मित्रांनो, चालताना, उभे राहताना झोळीने हाताचे ओझे पेलले, तर माझी काही हरकत नाही. पण दिवसभर? छातीशी गुंडाळलेला, न हलवलेला मी आतून आक्रसायला लागलो. माझ्याभोवती जे मऊ अस्तर आहे ते धुऊन आटलेल्या कापडासारखे घट्ट होत चालले. आधी ओढून दुखत होते, आता न हलून दुखू लागले. आणखी थोडे दिवस गेले असते, तर मी कायमचा गोठलो असतो. आणि मी गोठलो असतो, तर मावशी पुन्हा टेबलापाशी उभी राहिली नसती. हे तिलाही कळत होते. तिला सांगता येत नव्हते, एवढेच.

टेबल हलवायचा दिवस आला. लेकीने त्यावरचे कांबळे काढले, काकांनी एक बाजू धरली. मावशी खुर्चीतून हे बघत होती. तिने खुर्ची पायाने ढकलत पुढे नेली आणि डावा पंजा टेबलावर ठेवला. बस्, नुसता ठेवला. काकांनी तो हलकेच उचलला, तिने पुन्हा ठेवला. आत्याबाई म्हणाली, अगं, हट्ट किती करावा माणसाने. मावशीने तिच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. काकांनी टेबल सोडले आणि म्हणाले, राहू दे, आठवड्याभराने बघू. मावशीने पंजा उचलला नाही. ती जेवायलाही तिथेच बसली.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा स्वेटर धुवायला आला. काका बाहेर गेले होते, म्हणून लेकीने धुतला. ती घाईत होती. मावशीची झोळी जेवणासाठी सोडली होती, हात खुर्चीच्या कडेने लोंबत होता. लेकीने काठी खाली घेतली, स्वेटरच्या दोन्ही खांद्यांना चिमटे लावले आणि दोरी ओढणार, तेवढ्यात मावशी म्हणाली,

"लोकर."

लेकीने वळून पाहिले नाही. "त्याला कॉलर नाही गं आई, गोल गळ्याचा आहे."

"लोकर."

"हो, हो. चहा टाकते थांब."

मावशीने खुर्ची रेटली, डाव्या हाताने स्वेटरची बाही पकडली आणि खाली खेचली. चिमटे उडाले. स्वेटर फरशीवर पडला. लेक चिडून काही बोलणार होती, पण मावशीने तोच ओला हात उचलून माझ्यावर ठेवला. माझ्यावर, मित्रांनो. आणि तिसऱ्यांदा तोच शब्द म्हणाली, सावकाश, प्रत्येक अक्षर ओठांवर चाचपत.

लेक फरशीवरच्या स्वेटरकडे बघत राहिली. पाण्याने भरलेल्या त्याच्या बाह्या लांबल्या होत्या. मग तिने आईच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिले. मग ती खाली बसली आणि कोपराखाली एक तळहात, मनगटाखाली दुसरा तळहात घालून तिने माझे ओझे उचलले. खालून. न ओढता. किती दिवसांनी मला कुणी असे उचलले होते. मावशीने डोळे मिटले.

काका दारातून आत आले तेव्हा त्या दोघी तशाच बसलेल्या होत्या.

"बाबा," लेक म्हणाली, "आई कॉलर म्हणत नाहीये."

काकांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते फरशीवरचा स्वेटर उचलायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मग म्हणाले, "मी इतके दिवस तुला टांगत होतो की गं."

मावशी म्हणाली, कॉलर. आता या वेळी त्याचा अर्थ काय होता, तो त्यांच्या दोघांचा मामला.

दुसऱ्या दिवशी लेकीने इस्पितळात जाऊन व्यायामाच्या ताईंना सगळे सांगितले, छताच्या काठीसकट. ताई घरी आल्या. कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी आधी मावशीला विचारले, हात लावू का? मावशीने थोडा विचार केला आणि मान डोलावली. ताईंनी माझ्या टोकाखालच्या खाचेत बोट ठेवून काकांना तिथे बोट ठेवायला लावले. म्हणाल्या, हा इथे खाली उतरला आहे, तुमच्या जोराने तो वर चढणार नाही. हात हलत नाही म्हणून दुखत नाही, असे नसते. लकव्यानंतर पुष्कळांचा खांदा दुखतो. कुणाचा लोंबून, कुणाचा ओढल्याने, कुणाचा आवळल्याने, कुणाचा नुसता बांधून ठेवल्याने. तुम्ही तर यातले एकही कारण सोडलेले नाही.

आत्याबाईला हे सहन झाले नाही. दुखल्याशिवाय का कधी बरे होते, असे तिने विचारले. ताई म्हणाल्या, "सहन करणं हा व्यायाम नव्हे. दुखलं की तिथे थांबायचं." आत्याबाई काही बोलणार तोच मावशी म्हणाली, कॉलर. या वेळी अर्थ सगळ्यांना कळला. आत्याबाईलाही.

काकांनी विचारले, मग जोर लावायचाच नाही? ताई हसल्या. "लावायचा की. पण त्यांचा त्यांनी. तुमचा नाही."

घरात कायदे बदलले. बसताना हाताखाली उशी. झोपताना मी अंगाखाली चिरडायचो नाही, पुढे काढून ठेवलेला असायचो. झगा घालताना आधी माझी बाही, काढताना सर्वांत शेवटी माझी. उठवताना काखेत हात नाही. कमरेला धरायचे, पाठीच्या पात्याला आधार द्यायचा. हात ओढून उठवणे कायमचे बंद. झोळी फक्त चालण्यापुरती. डॉक्टरांनी तपासून दुखण्यावरचे औषध दिले. व्यायामात आधी पाते मोकळे करायचे, मग हात जरा बाहेर वळवायचा, मग जेवढा न दुखता जाईल तेवढाच वर. पहिल्या दिवशी मी मांडीवरून अर्धी वीत उठलो. खुब्याला हसू आले असेल. मला नाही आले.

काका छताची दोरी कापून टाकायला निघाले होते. मावशीने कापू दिली नाही. चादरी कुठे वाळत घालणार?

मित्रांनो, इथे मी तुम्हांला गोड शेवट सांगावा, असे तुम्हांला वाटत असेल. सांगत नाही. मी पूर्वीसारखा झालो नाही. मूठ पुरती उघडत नाही. हवा बदलली की ठणकतो. मी हनुवटीपर्यंत वर जातो, त्यापुढे छप्पर आडवे येते. पण टेबल जागच्या जागी आहे आणि मावशी त्यापाशी उभी राहते. इस्त्री आता डाव्या हातात. पहिल्या पहिल्यांदा धाकट्याने सदऱ्यांच्या बाह्यांवर अशा काही रेघा पाडल्या, की गिऱ्हाइकांना नवीन फॅशन वाटली. मी गप्प बसलो, मोठ्या भावाने बसावे तसा. माझ्याकडे काम आहे. मावशी माझा हात कोपरापासून पंज्यापर्यंत कापडावर आडवा ठेवते, आणि मी ते कापड हलू देत नाही. धाकटा ढकलतो, मी धरून राहतो. चुणी अजूनही जागच्या जागी नाहीशी होते. गिऱ्हाइके म्हणतात, मावशींच्या डाव्या हातालाही वळण आहे. पुन्हा हाताचेच कौतुक. म्हणू देत.

अलीकडेच एक तरुण मुलगा कपडे न्यायला आला. बरोबर त्याचे वडील होते. त्यांची डावी बाजू लुळी होती; हात कोटाच्या खिशात कोंबलेला, चेहरा दगडासारखा. मुलाने त्यांना बाकावर बसवले, कपडे घेतले, गठ्ठा एका हाताखाली धरला आणि दुसरा हात पुढे केला.

"द्या हात, बाबा. चला."

वडिलांनी हात दिला नाही. मुलाने खिशातला तो लुळा हात काढला, मनगट धरले आणि ओढायला लागला. म्हाताऱ्याने ओठ आवळले. आवाज काढला नाही. पण मी ऐकले. एका खांद्याची किंकाळी दुसऱ्या खांद्याला ऐकू येते.

मावशीने इस्त्री उभी केली. टेबलाला धरत धरत ती बाहेर आली, त्या मुलासमोर उभी राहिली. तिच्या तोंडून कॉलर निघणार, असे लेकीला वाटले, मलाही वाटले. मावशीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"हात सोड."

दोन शब्द. दोन्ही बरोबर, दोन्ही जागच्या जागी. आजारानंतरचे तिचे पहिले वाक्य. मुलगा इतका दचकला की त्याने हात सोडला. त्याला वाईटही वाटले. मी मदतच करत होतो, असे तो म्हणाला. लेक पुढे झाली आणि तिने त्याला समजावून सांगितले, कमरेला कसे धरायचे ते दाखवले. म्हातारा उभा राहिला. त्याने मावशीकडे पाहिले आणि धडक्या हाताने आपला दुखरा खांदा झाकला. एखाद्याने पाहुण्याची ओळख करून द्यावी, तसा. मावशीने माझ्यावर हात ठेवला. एवढेच झाले. मग ते गेले आणि मावशी टेबलाकडे वळली, कारण सदरा अर्धा राहिला होता.

मदत करायची म्हणजे आपल्या भाषेत हात द्यायचा. जरूर द्या, मित्रांनो. पण जो हात लोंबतो आहे, आवळला आहे, गप्प आहे, तो धरून कुणाला ओढू नका. बोलता येत नाही म्हणून दुखत नाही, असे समजू नका. दुखते म्हटले की लाड म्हणू नका. हात देण्याआधी विचारा, कुठला. उत्तर यायला वेळ लागेल. शब्द चुकीचा येईल. थांबा.

आम्ही जुने खांदे आहोत. उतरलो, झिजलो, अर्धेमुर्धे उरलो. पण मेलो नाही. आम्हांला खालून आधार द्या आणि मग बाजूला व्हा. उचलायचे काय आणि किती, ते आमचे आम्ही बघू.